हाजरा फॉल, दरेकसा : तान्ह्या पोळ्याला नऊ जण, रेल्वेनं जाऊन त्याच दिवशी परत. बेत तपासून द्या

तुमसरची_वहिनी

नमस्कार मंडळी. तान्ह्या पोळ्याच्या (म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या) सुट्टीत तुमसर रोडहून गोंदिया आणि तिथून दरेकसा असं रेल्वेनं गोंदिया जिल्ह्यातल्या हाजरा फॉल या धबधब्याला जायचा बेत करून राहिलो आहोत. मोठी माणसं सहा, पोरं तीन (७, १० आणि १४ वर्षांची). मोठ्यांत आत्याबाई आहेत, वय ६३, उजवा गुडघा दुखतो, पण सपाटीवर दीड-दोन किलोमीटर आरामात चालतात. पोहता दोघांनाच येतं, तेही विहिरीत शिकलेलं.

पाऊस किती झाला असला तर जायचं आणि किती झाला असला तर बेत मोडायचा, हे घरी बसून कसं ठरवावं? पोरांना पाण्यात उतरू द्यावं का, द्यायचं तर कुठं? पायात काय घालावं? आणि त्याच दिवशी कचारगडची गुहा पण होऊ शकते का? घरातले एक जण म्हणतात की ट्रकची ट्यूब सोबत घेऊ, म्हणजे पोरं मजेत तरंगतील. माझं मन मानत नाही, पण नाही म्हणायला कारण सापडत नाही. जाणकारांनी नीट सांगावं.

नाल्याकाठचा

वहिनी, दिवस चांगला निवडला. पोळा श्रावणी अमावास्येला, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येतो. तोवर धानाची रोवणी आटोपलेली असते, नाल्यांना पाणी असतं आणि जंगल पूर्ण हिरवं असतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. धबधब्याला जायचं की नाही हे तुमच्या डोक्यावरचं आभाळ बघून ठरत नाही. वरच्या जंगलात मागच्या दोन दिवसांत काय पडलं, त्यावर ठरतं.

आपल्या पूर्व विदर्भातला मोठा पाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे येतो. तो ओडिशा-छत्तीसगडवरून सरकत येतो आणि गोंदिया-गडचिरोली त्याच्या वाटेत आधी लागतात. त्यामुळे बातम्यांत 'उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र' ऐकलं की दोन-तीन दिवसांची झड धरूनच चाला. तुमसरला ऊन पडलं असेल आणि सालेकशाच्या डोंगरात धो धो चालू असेल, असं होतं.

आकडा कुठला बघायचा? २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात, हे पीक पंचनाम्यामुळे आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. तोच आकडा इथं वापरा. सालेकसा तालुक्यातल्या मंडळांचा पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर रोज बघायला मिळतो. आदल्या दिवशी ६५ च्या वर असेल तर जाऊ नका. दोन दिवस मिळून शंभराच्या आसपास असेल आणि जमीन आधीच भिजून तुडुंब असेल, तरी जाऊ नका, कारण अशा जमिनीत काही मुरत नाही, पडलं तेवढं सरळ नाल्यात येतं.

इथं एक गोम आहे, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतात आणि ती मागच्या २४ तासांची असते. तुम्ही पहाटे निघता तेव्हा हातात असलेला आकडा काल सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. काल दुपारी आणि रात्री जे पडलं ते त्यात नाहीच. म्हणून निघायच्या आदल्या रात्री दरेकसा किंवा सालेकसा भागातल्या कुणाला तरी फोन करून विचारा. ओळखीचं कुणी नसेल तर आमगाव बाजूचं बघा, काही ना काही नातं निघतंच. प्रश्न असा विचारा : "दुपारनंतर किती वेळ पडला आणि नाल्याचं पाणी गढूळ आहे की नितळ?" 'पाऊस आहे का' असं विचारलं तर 'आहे थोडा' एवढंच उत्तर येतं.

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा पण बघा. गोंदिया जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड असेल तर चर्चा नको. यलो असेल तर जाता येईल, पण पाण्यात उतरायचं नाही असं घरूनच ठरवून जा. जोराच्या पावसात प्रशासन अशा ठिकाणी बंदी घालतं, गेटवरून परत यावं लागू शकतं. तेव्हा गेटवरच्या माणसाशी वाद घालू नका. गावची समिती असते, पाण्याची खबर त्यांना आपल्यापेक्षा आधी लागते.

आता रेल्वे. गोंदियाच्या पुढे आमगाव, धानोली, सालेकसा आणि मग दरेकसा. एक्स्प्रेस गाड्या तिथं थांबत नाहीत, डोंगरगडकडे जाणाऱ्या लोकल आणि मेमूच थांबतात आणि त्या मोजक्या आहेत. वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून आदल्या दिवशी १३९ ला विचारा किंवा रेल्वेच्या ॲपवर बघा. बेत आखताना परतीची गाडी आधी ठरवा, मग उलटं मोजत या. समजा परतीची गाडी साडेचारची धरली : पावणेचारला स्टेशनावर, तीनला धबधबा सोडायचा, पावणेतीनला सगळ्यांचे कपडे बदलून पिशव्या बांधून तयार. म्हणजे पाण्याजवळचा शेवटचा क्षण अडीच. 'अजून दहा मिनिटं' हे पोरांनी म्हणायच्या आधी हा अडीचचा आकडा त्यांना सांगून ठेवा, चौदा वर्षांच्याच्या हाती घड्याळ द्या आणि हाक मारायचं काम त्यालाच द्या.

स्टेशनापासून धबधबा किलोमीटरभर आहे. तुमच्या मंडळींना तीस ते चाळीस मिनिटं धरा.

आणि हे ठळक अक्षरात वाचा : रुळावरून किंवा बोगद्यातून चालत जायचं नाही. हा हावडा-मुंबई मुख्य मार्ग आहे, मालगाड्यांची रीघ असते आणि विजेवरची गाडी पावसाच्या आवाजात अगदी जवळ येईस्तोवर कळत नाही. बोगद्यात गाडी आली तर बाजूला उभं राहायला जागा सापडेलच असं नाही. शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे रुळावर विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जवळचा रस्ता म्हणून कुणी रुळाकडे बोट दाखवलं तरी सडकेनंच जा.

डोह_आणि_धार

ट्यूबचं आधी बोलतो, कारण वहिनींना कारण पाहिजे आहे.

ट्यूब संथ पाण्यातली चीज आहे. धबधब्याखाली पाणी संथ नसतं. वरून पडणारी धार डोहाच्या तळाशी जाते, पुढे वर येते आणि वरच्या थरातलं थोडं पाणी परत धारेकडे ओढलं जातं. म्हणून तरंगणारी वस्तू धारेपासून दूर जायच्या ऐवजी धारेकडेच सरकते. नारळ किंवा लाकडाचा तुकडा टाकून बघा, काठावरूनच दिसेल : तो फिरून फिरून पांढऱ्या पाण्याकडे जातो. ट्यूब तिथं पोचली की धार एका बाजूवर पडते, ट्यूब उलटते आणि पोरगं खाली. त्यातून ट्यूबमध्ये बसलेल्या पोराचे पाय वर असतात, उलटल्यावर ते अडकतात. पोहता न येणाऱ्याला ट्यूब खोल पाण्यापर्यंत नेऊन सोडते, एवढंच तिचं काम. घरीच राहू द्या.

दुसरं, फेस. जिथं पाणी दुधासारखं पांढरं दिसतं तिथं त्यात हवा मिसळलेली असते. अशा पाण्यात माणूस नेहमीइतका तरंगत नाही, पट्टीचा पोहणारा पण खाली जातो आणि हात मारून पकड मिळत नाही. विहिरीत शिकलेल्यांना हे माहीत नसतं, कारण विहिरीचं पाणी स्थिर असतं. तुमच्याकडच्या त्या दोघांना हे नीट समजावून सांगा. जास्त धोका त्यांनाच आहे, ते आत जातील.

तिसरं, वरून फक्त पाणीच येत नाही. दगड येतात, फांद्या येतात. मुठीएवढा दगड एवढ्या उंचीवरून डोक्यात बसला तर काय होईल ते सांगायला नको. धारेच्या सरळ खाली उभं राहून फोटो काढायची हौस असते सगळ्यांना, ती करू नका.

मग पोरांनी काय करावं? डोहाच्या खूप खाली, जिथं नाला पसरट होतो, तळ दिसतो आणि पाणी नितळ आहे, तिथं बसून खेळावं. माप सोपं आहे : सात वर्षांच्याच्या गुडघ्याखाली पाणी, आणि पाण्यात सोडलेलं पान तुमच्या साध्या चालीपेक्षा हळू जात असेल तरच. प्रवाहाच्या खालच्या बाजूला एक मोठा माणूस पाण्यात उभा, वरच्या बाजूला एक काठावर. दोघांच्याही हातात मोबाईल नाही. पाळी लावा, वीस वीस मिनिटांची.

नाला ओलांडायचा प्रसंग आला तर मोठ्यांनाही गुडघ्याची हद्द. वेगात वाहणारं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी माणसाचा पाय सुटतो, कारण पाणी पायाला ढकलतं आणि खालचा गोटा पण हलतो. तळ दिसत नसेल तर ओलांडूच नका.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, पाणी वाढतंय हे कसं ओळखायचं. लहान नाल्याचं पाणी झपाट्यानं चढतं. पोचल्या पोचल्या काठावरचा एक दगड हेरा, ज्याचा अर्धा भाग पाण्यात आणि अर्धा कोरडा आहे. पाण्याच्या रेषेवर विटेच्या तुकड्यानं किंवा खडूनं रेघ मारा. नाहीतर काठाच्या वाळूत, पाणी जिथं संपतं तिथंच, एक काडी रोवा. दर दहा मिनिटांनी बघा. काडी चार बोटं पाण्यात गेली की सगळ्यांनी बाहेर आणि उंचावर. त्याच्या आधीच्या खुणा पण असतात : नितळ पाणी चहासारखं होतं, पानं-काड्या-सुका पाला एकदम वाहून यायला लागतो, आणि आवाज बदलतो, खळखळ जाऊन जड घरघर येते. यातली एक खूण दिसली तरी बाहेर पडा, दुसरीची वाट बघू नका. आणि बाहेर म्हणजे ज्या काठानं परत जायचं आहे त्याच काठावर. पलीकडच्या काठावर अडकलेले लोक दोन-तीन तास थांबले असते तर पाणी बहुतेक वेळा उतरलंच असतं, पण गाडी चुकेल म्हणून घाईत उतरतात आणि तिथंच घात होतो. गाडी चुकली तर चुकू द्या.

एक दोरी मात्र घ्या. बाजारात जी प्लास्टिकची पॉलिप्रॉपिलीनची दोरी मिळते, आठ ते दहा मिलिमीटर जाडीची, ती पंधरा मीटर. ती पाण्यावर तरंगते. सुताची भिजून जड होते, नायलॉनची बुडते. पाच लिटरची खाद्यतेलाची रिकामी कॅन साबणानं धुवून घ्या, तिच्या मुठीला दोरीचं एक टोक पक्क्या न सरकणाऱ्या गाठीनं बांधा, आत पेलाभर पाणी टाकून झाकण घट्ट लावा. पाणी का, तर रिकामी कॅन फेकली की वाऱ्यावर भरकटते, पेलाभर वजन असलं की नेम लागतो. कॅनच्या उरलेल्या जागेत हवा असतेच, ती माणसाला धरून ठेवायला पुरते. फेकताना खाली बसा, टाचा दगडाला टेकवा, कॅन माणसाच्या पलीकडे टाका म्हणजे दोरी त्याच्या अंगावर पडेल. दोरी स्वतःच्या कमरेला किंवा मनगटाला गुंडाळायची नाही, नाहीतर एकाचे दोन होतात. घरी अंगणात दहा वेळा फेकून बघा, पहिल्या तीन फेकी सगळ्यांच्याच वाकड्या जातात.

बुडणाऱ्याच्या मागं उडी मारायची नाही. काठी, ओढणी, दोरी, जे हाती लागेल ते पुढे करायचं. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबत बसू नका, उलटा लटकवू नका. आधी नाक दाबून तोंडानं श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास, मदत येईस्तोवर तेच चालू.

तुमसरची_वहिनी

डोह_आणि_धार दादा, खूप उपकार. ट्यूब रद्द, कॅन आजच धुवून ठेवते. आता आत्याबाईंचं आणि पायातल्याचं सांगा कोणी. आणि विजा? मागच्या आठवड्यापासून रोज दुपारी गडगडून राहिलं आहे.

चालणारी_माय

वहिनी, चपला-सँडल नको आणि गमबूट तर मुळीच नको. शेतात चिखलासाठी गमबूट बरा, पण नाल्यात आत पाणी भरलं की दोन-दोन किलोचा पाय उचलावा लागतो आणि पडल्यावर काढता येत नाही. नव्या तळव्याचे साधे कापडी बूट किंवा पावसाळी बूट, ज्यांच्या तळव्याला खोल खाचा आहेत, ते घ्या. परीक्षा घरी करा : न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर थोडं साबणाचं पाणी टाका, भिंतीला हात धरून एका पायावर जोर देऊन बूट पुढे सरकवून बघा. सुळकन गेला तर तो बूट शेवाळावर पण जाईल. झिजलेला गुळगुळीत तळवा असेल तर बूट कितीही महागाचा असो, तो घरी.

दगडाचं पण थोडं. हिरवं शेवाळ दिसतं म्हणून माणूस जपतो. पडतो तो काळ्या पातळ थरावर, जो ओला दगडच वाटतो. रोज पाण्याचे तुषार पडणाऱ्या जागी हा थर असतो. पाय टेकवायचा तो खडबडीत, उन्हात सुकणाऱ्या दगडावर. उतरताना टाच आधी नको, अख्खा पाय सपाट टेकवा आणि पाऊल लहान. उड्या मारत दगडा-दगडावरून जाणं पोरांना बंद सांगा.

आत्याबाईंसाठी : बांबूची काठी, उभं राहिल्यावर कोपर काटकोनात येईल एवढी उंच. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेनं घट्ट बांधा म्हणजे दगडावर घसरणार नाही. उजवा गुडघा दुखतो म्हणाल्या ना, तर काठी डाव्या हातात. बरेच लोक दुखऱ्या बाजूला धरतात आणि तिथंच चुकतं, कारण विरुद्ध हातातली काठी त्या पायावरचं वजन घेते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. शेवटचा दगडांचा भाग त्यांना नाही जमला तर धबधबा दिसेल अशा कोरड्या जागी बसवा आणि सोबतीला एक माणूस. एकटं बसवू नका.

जीन्स कुणीच घालू नका. भिजली की जड होते, मांड्या घासतात आणि दिवसभर सुकत नाही. पातळ पूर्ण लांबीची पँट, पूर्ण बाह्या. साडी असेल तर आत लेगिंग घालून साडी वर खोचा, किंवा सरळ सलवार. पिशव्या हातात नको, सगळं पाठीवर, दोन्ही हात मोकळे. सुके कपडे आणि मोबाईल खताच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकात गुंडाळले तर वीस रुपयांची पिशवी पण विकत घ्यावी लागत नाही.

पाणी मोठ्या माणसाला दोन लिटर, पोराला सव्वा. पावसाळ्यात तहान कळत नाही पण दमट हवेत घाम जातोच. नाल्याचं पाणी प्यायचं नाही, कितीही नितळ दिसो. जेवायला पोळी, आलूची सुकी भाजी, ठेचा, गूळ-शेंगदाणे. रस्सा, दही, केळी नको. रस्सा सांडतो, केळीच्या वासानं वांदरं मागं लागतात आणि पोराच्या हातातली पिशवी ओढतात. वांदर आलं तर खाणं लपवत पळू नका, पिशवी बंद करून उभं राहा, डोळ्यात डोळे घालून बघू नका. उष्टं, पत्रावळी, कुरकुऱ्याची पाकिटं सगळं परत आणायचं. तिथं कचरा उचलायला माणूस नसतो, पहिल्या पावसात तो डोहात जातो.

दामिनी_बघा

विजेचं सांगतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, तुमच्या आसपास वीज पडायची शक्यता दाखवतं. पण दरीत नेटवर्क नसतं, म्हणून बोटावरचा हिशोब शिकून ठेवा. चमकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंद मोजा, तिनानं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हाच पाण्याबाहेर पडायचं. शेवटच्या गडगडाटापासून अर्धा तास होईस्तोवर परत उतरायचं नाही.

एकट्या मोहाच्या किंवा मोठ्या झाडाखाली थांबायचं नाही. पक्की इमारत किंवा बंद काचेची गाडी सगळ्यात चांगली. ती नसेल तर ठेंगण्या झाडांच्या गर्दीत, पाण्यापासून दूर, एकमेकांपासून पाच-सहा पावलांवर, दोन्ही पाय जवळ घेऊन उकिडवं बसा. जमिनीवर आडवं पडायचं नाही. आत्याबाईंना उकिडवं जमणार नाही, त्यांना कोरड्या पिशवीवर पाय जवळ घेऊन बसवा.

आपल्याकडे गडगडाट जास्त करून दुपारी दोन-तीननंतर सुरू होतो. सकाळची लवकरची गाडी पकडा आणि नाल्याकाठचा यांनी सांगितलेला अडीचचा आकडा शक्य असेल तर दीडवर आणा.

आरोग्य_झाडीपट्टी

तीन गोष्टी, ज्या सहलीच्या चर्चेत कुणी काढत नाही.

साप. वाटेत बांधीच्या (धानाच्या शेताच्या) धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आडवं जायचा मोह होतो, तो टाळा. धुऱ्यावर उंदराची बिळं असतात आणि बिळांत नाग, घोणस. (शिवाय धुरा तुडवला की फुटतो आणि धानाचं पाणी वाहून जातं, शेतकऱ्याचं नुकसान होतं.) हात कपारीत घालायचा नाही, बसायच्या आधी दगडावर काठी आपटायची. चावलाच तर : माणसाला बसवा, चावलेला हात-पाय लाकडाच्या पट्टीनं हाड मोडल्यासारखा स्थिर बांधा, अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा कारण सूज चढली की निघत नाहीत. वेळ लिहून ठेवा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं करकचून आवळायचं नाही. चालवत न्यायचं नाही, उचलून न्यायचं. १०८ ला फोन, आणि सरळ सालेकशाच्या ग्रामीण रुग्णालयात. तिथून गरज पडली तर गोंदियाला. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास परत मिळत नाही. साप मारून आणायची गरज नाही, आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालतं.

हिवताप. सालेकसा-देवरीचा जंगलपट्टा हिवतापाचा आहे. डास संध्याकाळनंतर चावतात, म्हणून दिवसा परत येणं हाच चांगला उपाय. थांबावंच लागलं तर पूर्ण कपडे आणि डास पळवणारं मलम.

स्क्रब टायफस. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास याची मोठी साथ आली होती. झुडपांत आणि गवतात राहणाऱ्या बारीक चिगर किड्यांपासून होतो. गवतावर थेट बसू नका, कपडे झुडपांवर वाळत घालू नका, जाड चटई न्या. घरी आल्या आल्या साबणानं घासून आंघोळ आणि सगळे कपडे गरम पाण्यात.

परत आल्यावर महिन्याभरात कुणालाही ताप आला तर तापाची गोळी घेऊन बसू नका. दवाखान्यात जाऊन 'दरेकशाच्या जंगलात गेलो होतो' हे वाक्य स्वतःहून सांगा आणि रक्त तपासा. काखेत, जांघेत, पट्ट्याखाली, छातीखाली काळी खपली दिसते का ते बघा. विडीचा चटका बसल्यासारखी दिसते, दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. ती दिसली तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा, निदान लगेच होतं.

पिशवीत : ओआरएसची चार पाकिटं (एक पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, अर्ध्या पेल्यात नाही), क्रेप बँडेज दोन, जंतुनाशक, कापूस, आत्याबाईंच्या रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा.

लिंगो_च्या_वाटेवर

कचारगड त्याच दिवशी नको, वहिनी. ती गोंड समाजाची श्रद्धेची जागा आहे, माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. गुहेपर्यंत चढण आहे आणि दुखऱ्या गुडघ्याला, त्यातही पावसात, ती जड जाईल. धबधब्यावरून ओल्या कपड्यांत घाईघाईनं जाऊन फोटो काढून येण्याची ती जागा नाही. हिवाळ्यात वेगळा दिवस काढा, दगड कोरडे असतात, गुहेत शांत बसता येतं. पेनठाण्यांजवळ (देवांच्या ठाण्यांजवळ) चपला काढा आणि विचारल्याशिवाय फोटो नको.

जंगलाचं एक : या पट्ट्यात अस्वल आणि बिबट आहे. दिवसा नऊ जणांच्या बोलत्या घोळक्याजवळ ते येत नाहीत, पण लघवीला म्हणून एकट्यानं झुडपात आत जायचं नाही. दोघं जा, बोलत जा.

तुमसरची_वहिनी

सगळ्यांचे खूप खूप आभार. आता असं ठरवलं आहे : सकाळची पहिली थांबणारी गाडी, धबधब्यावर दोन ते अडीच तास, दीडला बाहेर. जेवण धबधब्याजवळच चटई टाकून. कचारगड हिवाळ्यात. पाऊस ६५ च्या वर असला तर घरीच पोरांचे लाकडी नंदीबैल सजवू. अजून काही राहिलं का?

डोह_आणि_धार

जेवणाची जागा बदला. नाल्याच्या पात्रात किंवा त्याच्या काठाच्या सपाट वाळूवर चटई टाकू नका. ती वाळू सपाट आहे कारण पाणी तिच्यावरून जातं. झुडपांच्या फांद्यांत सुका पाला आणि चिंध्या अडकलेल्या दिसतात ना, ती मागच्या पुराची रेषा. तिच्या वर डोक्याएवढ्या उंचीवर बसा. पोटभर जेवून पोरं परत पाण्याकडे धावतात, म्हणून त्याहून बरं, पाणी आधी आणि जेवण शेवटी, बाहेरच्या रस्त्याजवळ किंवा स्टेशनावर.

नाल्याकाठचा

आणि निघताना तुमसरला एका माणसाला तीन गोष्टी लिहून द्या : कुठं जाऊन राहिलो, कोणत्या गाडीनं परत, आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर ११२ ला कळवायचं. दरीत फोन लागत नाही, म्हणून पहिला फोन परतीच्या वेळी दरेकसा स्टेशनावरून. तिथंही नाही लागला तर सालेकसा आलं की लावा.